जर्मनच्या बाई, अनुभव एकतीस वर्षं

नोव्ही ब्रोद, नेब्रास्का
१४ जानेवारी

प्रिय मार्लिस,

दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. सहा वर्षांनी बहिणीच्या अक्षरातलं पाकीट आलं की माणूस आधी मयताचाच विचार करतो, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकलं. सगळे जिवंत आहेत. विल्बर जांडा तर नको तितका.

फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मीही उचलला नसता.

इकडे थंडी हाडं फोडणारी. कॅफेतल्या खसखशीच्या गोड कोलाचे-पावात आता खसखस शोधावी लागते. मी अजून शाळेच्या ऑफिसातच आहे, त्याच टेबलाशी. पोस्पिशिल सर अजून मुख्याध्यापक आहेत आणि अजून कुठलाही कागद सही करायच्या आधी खिडकीबाहेर बघतात.

नवीन म्हणशील तर राज्याच्या शिक्षण खात्यानं एक साइट उघडलीय. पूर्वी दर ऑक्टोबरात मी शिक्षकांची माहिती भरून पाठवायची आणि ती राजधानीत लिंकनला जाऊन कुठल्याशा कपाटात झोपायची. आता ती कुणालाही बघता येते. शाळेचं नाव टाकायचं की समोर हजर: किती शिक्षक, विषय कोणते, अनुभव किती, पूर्ण लायसन्स किती जणांकडे, जागा किती रिकाम्या. नावं तेवढी नसतात. पण आपल्या गावात नाव नसून काय बिघडतं? ‘व्यायाम: शिक्षक एक, अनुभव दोन वर्षं’ एवढं म्हटलं की तो कोण हे गावातल्या कुत्र्यालाही कळतं.

विल्बर पोस्टातून रिटायर झाल्यापासून वाचायला दुसऱ्यांची पत्रं मिळत नाहीत, म्हणून हल्ली तो ही साइट वाचतो. रोज सकाळी कॅफेत प्रिंट घेऊन येतो आणि चष्मा पुसून मोठ्यानं वाचून दाखवतो.

सहज विचारते, तुला राज्याकडून काही पत्र आलंय का? लायसन्सबद्दल वगैरे? आलं असेल तर उघडायच्या आधी मला कळव. नसेल आलं तर उत्तमच. सहज आपलं विचारलं.

तुझी,
अर्डिथ

ता. क. आलूबुखारच्या मुरंब्याच्या दोन बरण्या वेगळ्या पाठवल्यात. त्यांचा या पत्राशी काही संबंध नाही.


२३ जानेवारी

प्रिय मार्लिस,

मुरंबा परत आला नाही, म्हणजे तू तो ठेवून घेतलास. म्हणजे पत्रही वाचलं असणार. तेव्हा आता नीट सांगते. बसून वाच.

ऑगस्टमध्ये आमचा जर्मनचा मास्तर शाळा सोडून पवनचक्क्या दुरुस्त करायला निघून गेला. म्हणाला, तिथं वर वारा असतो पण पालक नसतात. सप्टेंबर गेला, कोणी मिळालं नाही. अकरा मुलं लायब्ररीत कॉम्प्युटरसमोर बसून जर्मन शिकतात आणि देखरेखीला मी. तीन महिन्यांत मी जर्मनमध्ये हॉटेलची खोली मागायला शिकले, नाश्त्यासकट. मुलं अजून ‘शुभ प्रभात’वर आहेत.

ऑक्टोबरात माहिती पाठवायचा दिवस आला. सर माझ्या टेबलाशी आले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

“अर्डिथ, जर्मनचा रकाना रिकामा पाठवू नकोस.”

“मग काय भरू?”

“काहीतरी भर. यंदापासून सगळं जगजाहीर होणार आहे. जागा रिकामी दिसली की शेजारचे केलर्टनवाले म्हणतील, तुम्हाला शिक्षक मिळत नाहीत, द्या तुमची पोरं आमच्याकडे आणि लावा शाळेला कुलूप.”

“सर, तिथं लायसन्सचा नंबर घालावा लागतो.”

“तुला तर सगळ्यांचे नंबर पाठ असतात,” म्हणाले, आणि टोपी घालून फुटबॉलची मॅच बघायला गेले.

मला सगळ्यांचे नंबर पाठ नसतात, मार्लिस. एकच पाठ आहे. तू इथं पंचवीस वर्षं शिकवलंस, आणि दर वेळी तुझा लायसन्सचा फॉर्म मीच भरला, कारण तू चष्मा विसरायचीस.

आता कळलं असेल, पत्राचं का विचारत होते.

मला वाटलं होतं, महिन्याभरात कोणीतरी मिळेल आणि मी गुपचूप नंबर बदलून टाकीन. पण जानेवारीत साइट उघडली आणि आपल्या शाळेच्या पानावर झळकलं: ‘जर्मन: शिक्षिका एक. पूर्ण लायसन्स. अनुभव एकतीस वर्षं.’

दुसऱ्या दिवशी विल्बर माझ्या खिडकीशी हजर.

“अर्डिथ, ही एकतीस वर्षांची बाई कोण?”

“बाई एकतीस वर्षांची नाही. अनुभव एकतीस वर्षांचा.”

“तेच ते. राहते कुठं? या गावात मी चाळीस वर्षं टपाल टाकलंय. माझ्या नजरेतून अख्खी जर्मन बाई निसटेल?”

“ती लांबून येते.”

“कितीशी लांबून?”

“बरीच,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

शुक्रवारपर्यंत तिघांनी तिला पाहिलेलं होतं. ब्लांच कोझेल, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती, दुकानात तिच्याशी बोललीसुद्धा! म्हणे उंच आहे, कोट चांगला आहे, पण जरा गर्विष्ठ वाटते. वर्णन हुबेहूब तुझंच.

काल लिंकनहून फोन आला. खात्यातल्या फाम नावाच्या बाई. आवाज इतका गोड की मला लगेच कळलं, आता आपलं काही खरं नाही. सगळ्या शाळांच्या याद्या त्या एकमेकींशी ताडून बघतायत. एकच लायसन्स दोन शाळांत, दोन्हीकडे पूर्ण वेळ, मधे चारशे मैल.

“तुमच्या जर्मनच्या बाईंशी बोलता येईल का?”

“त्या वर्गात आहेत.”

“मी थांबते.”

“त्या वर्गातून सहसा बाहेर येत नाहीत.”

मग म्हणाल्या, “बरं, मग मी व्हाइटक्लिफच्या बाईंना विचारते.”

व्हाइटक्लिफच्या बाई म्हणजे तू. तुझ्या लायसन्सला धक्का लागला तर मी काय करीन मला माहीत नाही. तू काहीही सांग. माझं नाव सांग. पण आधी मला शिव्या घालायला तरी फोन कर.

अर्डिथ


४ फेब्रुवारी

मार्लिस,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांत चार ओळी, त्यातही एक पत्त्याची.

‘फाम बाईंना खरं ते सांगितलं. नंबर माझा, उद्योग बहिणीचा. तिला रिकामा रकाना बघवत नाही, लहानपणी रविवारच्या पेपरातली कोडीसुद्धा ती चुकीच्या अक्षरांनी पूर्ण करायची.’

हे तू राज्य सरकारला सांगितलंस! सरकारी फायलीत आता माझी कोडी आहेत. दिवसभर माझं डोकं फिरलेलं होतं. संध्याकाळी फाम बाईंचा पुन्हा फोन आला, तेव्हा त्या हसू दाबत होत्या हे मला स्पष्ट ऐकू आलं.

पण निकाल सांगितला तो न हसता. तुझ्यावर काहीही येणार नाही. हे ऐकलं आणि मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं. आमच्या शाळेनं महिन्याच्या आत माहिती दुरुस्त करायची आणि शाळा समितीच्या खुल्या सभेत ती वाचून दाखवायची. लोकांसमोर चूक माहिती गेली, तर दुरुस्तीही लोकांसमोर.

सरांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “टायपिंगची चूक म्हणू.”

“सर, आठ आकडी नंबर चुकून टाइप होतो?”

“लोकांना आकड्यातलं काय कळतंय?”

हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय, मार्लिस. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या जिममध्ये, अशाच सभेत तू कागद घेऊन उभी राहिलीस आणि सांगितलंस, हायस्कुलात पोरं उरलीत अडतीस, दोन गावांनी मिळून एक धड शाळा चालवू, त्यांना रसायन शिकवायला माणूस तरी मिळेल. तेव्हाही सर हेच म्हणाले होते. आणि मी काय म्हटलं ते तुला आठवतं. आई असती तर तुला मुलगी म्हणाली नसती, असं मी अख्ख्या गावासमोर बोलले.

माईक चालू होता हे मला माहीत नव्हतं, असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. तुलाही तसंच लिहून पाठवलं होतं.

माहीत होतं.

सभा बारा तारखेला आहे. सर म्हणतात, आजारी पड, मी दोन ओळी वाचून टाकतो. तशी मला कणकण आहेच.

अर्डिथ


१३ फेब्रुवारी

प्रिय मार्लिस,

आजारी पडले नाही.

एरवी समितीच्या सभेला सहा माणसं असतात आणि त्यातली पाच समितीची. काल जिममध्ये शंभराच्या वर. जर्मनच्या बाई स्वतः येणार, अशी विल्बरनं आवई उठवली होती. ब्लांच कोझेलनं स्वागताला केक आणलेला. वर जर्मनमध्ये काहीतरी लिहिलेलं, मला वाचता आलं नाही. खोली मागण्यापैकी ते काही नव्हतं.

मी माईकपाशी गेले. कागद वाचला. जर्मनच्या शिक्षिका म्हणून नोंदलेल्या बाई या शाळेत शिकवत नाहीत. नोंद खोटी होती. ती मी केली. जागा ऑगस्टपासून रिकामी आहे.

मग मागून विल्बरचा आवाज.

“म्हणजे बाई नाहीतच?”

“नाहीत.”

“अजिबात?”

“अजिबात नाहीत, विल्बर.”

ब्लांच केक धरूनच उभी राहिली. “मग मी दुकानात जिच्याशी बोलले ती कोण?”

आधी एक जण हसला, मग पाचसहा, मग सगळं जिम. हसू ओसरलं तशी विल्बर पुन्हा उठला. या वेळी प्रिंट खाली ठेवून.

“अर्डिथ, तुला आम्ही ओळखतो. हे तुझ्या डोक्यातून आलेलं नाही. तुला भर म्हणून कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, “बोटं माझी होती.”

“मी बोटांचं विचारत नाहीये.”

सर मंचावर बसले होते. मार्लिस, त्या जिमला खिडक्या नाहीत. त्यांना बघायला दुसरं काही नव्हतंच, समोर माणसंच होती. ते उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, “मी सांगितलं. शाळा जाईल अशी भीती वाटली.” एवढंच बोलून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्याबद्दल जरा आदर वाटला. तो किती टिकतो ते बघू.

मग मी माईक सोडायचा तर सोडला नाही. म्हटलं, हा नंबर माझ्या बहिणीचा आहे. मार्लिसचा. सहा वर्षांपूर्वी तिनं इथंच तुम्हाला खरे आकडे वाचून दाखवले होते आणि मी तिला नको ते बोलले होते. तिचे आकडे बरोबर होते. हायस्कुलात आता एकतीस पोरं आहेत. मी चुकले होते आणि माईक चालू आहे हे मला आत्ताही माहीत आहे.

टाळ्याबिळ्या नाहीत. आपल्या गावात कोण वाजवतंय. पण बाहेर पडताना ब्लांचनं केकचा मोठा तुकडा हातात ठेवला आणि म्हणाली, “कोणीतरी खायला हवा ना.”

मला लेखी ताकीद मिळाली. शिवाय एप्रिलमध्ये लिंकनला जाऊन ‘माहिती अचूक कशी भरावी’ याचं दिवसभराचं प्रशिक्षण घ्यायचंय. सरांनाही तीच शिक्षा. आम्ही एकाच गाडीनं जाणार, हीच खरी शिक्षा.

आज पानावर लाल चौकट आली: ‘जर्मन: जागा रिकामी.’ केलर्टनच्या कॅफेत त्याचा प्रिंट भिंतीला लावलाय म्हणतात.

अर्डिथ


११ मार्च

प्रिय मार्लिस,

खोकं मिळालं. जर्मनची पुस्तकं, नकाशे, शब्दांच्या पट्ट्या, सगळं रबर लावून. चिठ्ठी एका ओळीची पण नाही. असू दे, पट्ट्यांवर तुझं अक्षर आहे, तेवढं पुरलं.

आणि ऐक. खोकं आलं त्याच आठवड्यात फोन वाजला. एक मुलगी, कॅन्ससहून.

“तुमच्याकडे जर्मनची जागा आहे ना? साइटवर लाल चौकट बघितली.”

मला वाटलं, केलर्टनची कोणीतरी थट्टा करतेय. मी म्हटलं, “आहे. आणि आमच्याकडे हवा फार वाईट आहे.”

“आमच्याकडेही.”

“नाव काय तुझं?”

“आंगानेटा वीबे.”

मेनोनाइट, त्या जर्मन बोलणाऱ्या जुन्या ख्रिस्ती पंथातली. जन्म मेक्सिकोतला, तिथल्या वसाहतीतला. घरी जर्मन, बाहेर स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. जर्मन आणि स्पॅनिश, दोन्हीचं लायसन्स. मग म्हणाली, “एक विचारू? जानेवारीत त्याच पानावर एकतीस वर्षं अनुभवाच्या बाई दिसत होत्या. फेब्रुवारीत एकदम गेल्या. भांडण वगैरे झालं का त्यांचं शाळेशी?”

आता मी पुन्हा काहीतरी भरू शकले असते. म्हणू शकले असते, रिटायर झाल्या. पण सगळं सांगून टाकलं, केकसकट. ती इतकी हसली की फोन खाली ठेवून पाणी प्यायला गेली. परत येऊन म्हणाली, “सत्तावीस गावांच्या चौकटी बघितल्या. खरं सांगणारं ऑफिस पहिल्यांदाच भेटलं. कधी येऊ?”

गुरुवारी येऊन गेली. विल्बर दारातच उभा. तिच्याशी हस्तांदोलन केलं, हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला आणि मागं वळून सगळ्यांना म्हणाला, “खरी आहे.”

ऑगस्टपासून रुजू होणार. मुलांनी तिला जर्मनमध्ये ‘शुभ प्रभात’ म्हटलं. दुपारचे दोन वाजले होते.

तुझी पुस्तकं तिच्या कपाटात लावतेय. पण मार्लिस, तुला ती लागणार नाहीत का?

अर्डिथ


२० एप्रिल

मार्लिस,

उत्तर दिलं नाहीस, म्हणून मीच शोधलं.

साइटवर आता पुढच्या वर्षीच्या रिकाम्या होणाऱ्या जागा दिसतात. व्हाइटक्लिफ: इंग्रजी आणि जर्मन, एक.

एक गोष्ट लपवली होती ती सांगते. जानेवारीत साइट उघडली, तेव्हा मी आपल्या शाळेच्या आधी तुझ्या शाळेचं पान उघडलं होतं. ‘शिक्षिका एक, अनुभव एकतीस वर्षं.’ रोज सकाळी कोट काढायच्या आधी मी ते बघायची. फोन नाही, पत्र नाही, पण ती ओळ असायची. वाटायचं, आहे बाई. शिकवतेय. ठीक असणार.

आता ती ओळ जाणार. का जाणार ते पान सांगत नाही. फाम बाईंना मी प्रशिक्षणात विचारलं, जागा रिकामी का होते याचा रकाना का नाही? त्या म्हणाल्या, ते ज्याचं त्यानं सांगायचं. सर शेजारी बसून घोरत होते, नाहीतर मी वाद घातला असता.

आजारी आहेस का? एवढंच सांग. ‘हो’ किंवा ‘नाही’. दहा दिवस वाट बघते. नाहीतर मी निघते. याला धमकीच समज.

अर्डिथ


व्हाइटक्लिफ, तुझ्या दारात
२ मे

मार्लिस,

ही चिठ्ठी दाराच्या फटीत खोचतेय. मी समोरच्या निळ्या गाडीत बसलेय.

चारशे मैल सरळ आले, फक्त एकदा थांबले. तुझी शाळा सुटायच्या वेळी पोचायचं ठरवलं होतं. पोचलेही. मग लक्षात आलं, राज्याच्या या टोकाला घड्याळ एक तास मागं असतं. म्हणजे तू अजून वर्गात आहेस आणि मला तासभर बसायचंय.

तुझी शेजारीण पडदा सरकवून तीनदा बघून गेली. चौथ्यांदा बाहेरच आली. पुरुषी बूट, हातात रबरी नळी.

“घर बघायला आलात का?”

तेव्हा कुठं मला अंगणातली ‘विकणे आहे’ची पाटी दिसली. मी काहीतरी ‘हं’ केलं.

“चांगलं घर आहे,” म्हणाली. “मार्लिस रिटायर होतेय. ठणठणीत आहे हो, काही आजारबिजार नाही. गावी परत जाणार म्हणे, पूर्वेला. बहीण आहे तिथं.”

“बहिणीला माहीत आहे?” मी विचारलं.

“अजून नाही. आधी घर विकलं जाऊ दे म्हणते. बहिणीला आत्ता सांगितलं तर ती उद्याच्या उद्या येऊन सामान बांधायला लागेल. बडबडी आहे म्हणे फार.”

मी तिला मी कोण ते सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि तिच्या हातात नळी होती.

तू येऊन ओळख करून दे. कोपऱ्यावरच्या दुकानातून रिकामी खोकी मागून आणलीत, गाडीच्या मागच्या सीटवर आहेत.

अर्डिथ